बहावा फुलला म्हणून पेरायला निघालात?

परवा मुरबाडहून मामाचा फोन. "काय रे, तुमच्या येऊरचा बहावा १० एप्रिलला फुलला म्हणे. म्हणजे २५ मेला पाऊस. धूळवाफेत भात पेरून टाकू का?" मामाचा जन्म भातशेतीत गेला. तो ठाण्यात चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या भाच्याला पेरणीचं विचारतोय! कारण काय, तर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड मावशीने इमानेइतबारे त्याला पाठवला.

तुम्हालाही आला असेल. पिवळ्याधमक झाडाचा फोटो आणि खाली मजकूर: येऊरच्या डोंगरात बहावा फुलला. हा फुलला की बरोबर ४५ दिवसांनी पाऊस, कधीही चुकत नाही. म्हणून तर याला 'शॉवर ऑफ फॉरेस्ट' म्हणतात. शेंगेतला गर रोज चमचाभर मुलांना द्या. मग हात जोडलेले आणि 'दहा शेतकऱ्यांना पाठवा'.

फोटोतलं झाड बहावा नाहीच. तो सोनमोहर आहे, रस्त्याकडेला लावतात तो. बहाव्याचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात, सोनमोहराचे तुरे वर उभे राहतात. ज्याला एवढं दिसलं नाही, तो पावसाची तारीख सांगतोय.

आता ते ४५ दिवस. माझं सोडा, हवामान खात्याच्या तारखा घ्या. मुंबईत मोसमी पाऊस पोचल्याचं खात्याने २०२३ मध्ये २५ जूनला जाहीर केलं, २०२४ मध्ये ९ जूनला आणि २०२५ मध्ये २६ मेला. ४५ दिवस मागे मोजा. बहावा २०२३ ला ११ मे रोजी फुलायला हवा होता, पुढच्या वर्षी २५ एप्रिलला आणि त्याच्या पुढच्या वर्षी ११ एप्रिलला. दोन वर्षांत महिनाभर अलीकडे! उपवनकडून येऊरला चढणाऱ्या रस्त्यावर मी दर उन्हाळ्यात चालतो. तिथे एक बहावा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पिवळा होतो, त्याच्यापासून हाकेच्या अंतरावरचा दुसरा मे उजाडला तरी हिरवागार. मग ४५ दिवस कोणत्या झाडापासून धरायचे? जो फॉरवर्डवाल्याच्या गाडीतून दिसला त्याच्यापासून?

एप्रिलमध्ये जे जे होतं, त्यानंतर दीडेक महिन्याने पाऊस येतोच. हापूसची पेटी घरात आली की ४५ दिवसांनी पाऊस, असाही फॉरवर्ड काढता येईल, आणि तोही तितकाच खरा ठरेल.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. केरळात हा हिशेब योगायोगाने जुळतो. तिथे बहाव्याला कणिकोन्ना म्हणतात, एप्रिलच्या मध्यावर येणाऱ्या विशूच्या सणाला त्याची फुलं लागतात, आणि तिथे मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख १ जून. झाले सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस दिवस. पण तो पाऊस ठरवतात समुद्रावरचे वारे आणि ढग. मुंबईची सर्वसाधारण तारीख तर ११ जून, म्हणजे तिथला हिशेब इथे आणला तरी दहा दिवसांनी चुकतो.

झाडांना पावसाचं काहीच कळत नाही, असंही मी म्हणत नाही. येऊरला फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पळस, पांगारा बिनपानांच्या फांद्यांवर फुलतात. पानं आड येत नसल्याने पक्ष्यांना फुलं लांबून दिसतात. काटेसावरीची बोंडं उन्हाळ्यातच फुटतात, म्हणजे कापूस कोरडा असताना बी वाऱ्यावर जातं आणि पावसाआधी जमिनीला लागतं. ही घाई वंशपरंपरेने आलेली आहे, यंदाचा पाऊस कधी ते बघून केलेली नाही. आणि बहाव्याला तर तेवढीही घाई नसते. त्याची शेंग पिकायला बरेच महिने घेते. फुललेल्या झाडाखाली उभं राहून वर बघा, पिवळ्या घोसांशेजारी गेल्या वर्षीच्या हात-हातभर लांब काळ्या शेंगा अजून लटकत असतात.

'शॉवर' हे नाव त्या लोंबत्या पिवळ्या घोसांवरून पडलं, त्यात पाऊस शोधायला नको. गराचं म्हणाल तर आयुर्वेदात तो आरग्वध म्हणून सारक सांगितलाय, तेवढं खरं. पण सारक म्हणजे जुलाब. रोज चमचाभर, तेही लहान मुलांना? ज्याने लिहिलं त्याने आधी स्वतः आठवडाभर घ्यावा.

मला राग आलाय तो 'दहा शेतकऱ्यांना पाठवा' याचा. धूळवाफेत बी कोरड्या मातीत पडतं आणि पावसाची वाट बघतं. मधेच वळवाची एक सर आली की ते रुजतं. त्यानंतर पंधरा दिवस ऊन तापलं तर रोपं करपतात, मग पुन्हा बियाणं, पुन्हा मजुरी. फॉरवर्डवाल्याचं काय जातंय?

हे सगळं मामाला फोनवर ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "अरे, आमच्या बांधावरही बहावा आहे की. तो दर वर्षी फुलतो, मी कधी त्याच्याकडे बघून पेरलं नाही. पण हे ठाण्याहून आलं होतं, म्हटलं शिकलेल्या माणसांनी काहीतरी बघूनच लिहिलं असेल."

बियाणं अजून कणगीतच आहे. मावशीला मी सोनमोहराचा आणि बहाव्याचा, दोन्ही फोटो पाठवलेत. दोन्हींवर तिचा एकच अंगठा आलाय.