१९३२ च्या रोडस्टरच्या स्पिंडल्सबद्दल आपल्या तक्रारीला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण अभिप्राय मराठीत लिहिला आहे, म्हणून उत्तरही मराठीतच देतो. आपल्या १९३२ च्या फोर्ड रोडस्टरसाठी आपण स्वतः शोधून आणलेली १९३७ ते १९४१ या काळातील स्पिंडल्सची (पुढची चाके ज्या दांड्यांवर फिरतात त्या भागांची) जोडी आम्ही बसवली नाही, नवी घडीव जोडी घ्यायला लावून बिल वाढवले, आणि एवढे करूनही ताशी ४५ मैलांच्या पुढे स्टिअरिंग थरथरते, असे आपले म्हणणे आहे.

आपली निवड चुकीची नव्हती, हे आधी स्पष्ट करतो. १९३२ च्या गाडीला दांड्यांवर चालणारे यांत्रिक ब्रेक होते. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले ते १९३९ पासून. ते ब्रेक आपण आणलेल्या काळातील स्पिंडल्सवर काटछाट न करता बसतात, तर १९३२ च्या मूळ स्पिंडल्सवर बसवताना घासकाम करावे लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे दक्षिण कॅलिफोर्नियात एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर गाड्या पळवणारी मुलेही भंगारातून नव्या फोर्डचे भाग काढून जुन्या फोर्डला लावत असत, त्यामुळे आपली जोडी त्या परंपरेला धरूनच होती.

अडचण त्या विशिष्ट जोडीत होती. स्पिंडल्स धुऊन आम्ही चुंबकीय चूर्ण लावून अतिनील दिव्याखाली तपासली, तेव्हा उजव्या स्पिंडलवर, आतल्या बेअरिंगच्या बैठकीमागे दांडा जाड भागाला मिळतो त्या गोलाईवर, सुमारे अर्ध्या इंचाची केसासारखी हिरवट रेषा उमटली. पुसून, पुन्हा स्वच्छ करून दुसऱ्यांदा तपासले तरी रेषा तिथेच होती. खड्ड्यात चाक आपटते किंवा गाडी वेगात वळते तेव्हा दांडा वाकवणारा सगळा जोर नेमका त्या गोलाईवर येतो, आणि तिथे दांडा तुटला तर चाक गाडीपासून सुटते. वेल्डिंग करून भागवा, असे आपण सुचवले होते. तडा गेलेल्या स्पिंडलला माझ्या दुकानात वेल्डिंग होणार नाही, मग गिऱ्हाईक नाराज झाले तरी चालेल.

मात्र डावे स्पिंडल निर्दोष होते. त्याला जोडीचे उजवे मिळेपर्यंत थांबायचे की नवी जोडी घ्यायची, हा निर्णय आपला होता, आणि तो आम्ही फोनवर घाईघाईत उरकला. तड्याचे छायाचित्र पाठवले नाही, बिलातही जोडीची किंमत, किंगपिन (ज्या खिळीवर स्पिंडल वळते ती), बुश रीमिंग (त्या खिळीच्या बुशांची भोके मापात करणे) आणि मजुरी वेगळी न दाखवता सगळे ‘पुढच्या अॅक्सलचे काम’ या एका ओळीत घातले. ही आमची चूक आहे आणि त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.

थरथरीचे कारण मला स्पिंडलमध्ये दिसत नाही. गाडी सोडताना आम्ही कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, ५ अंशांवर ठेवला होता. अभिप्रायासोबतच्या छायाचित्रात मागचे टायर तेव्हाच्या टायरांपेक्षा बरेच उंच दिसतात. या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, १०६ इंच आहे. मागची बाजू २ इंचांनी उचलली गेली तरी गाडी पुढे झुकून एक अंशाहून थोडा अधिक कॅस्टर जातो, आणि सरळ अॅक्सलच्या गाडीत तेवढ्यानेही थरथर सुरू होऊ शकते. शेवटी कोणते टायर लावणार आहात, हे मोजमापापूर्वी आम्ही विचारायला हवे होते. ते आम्ही विचारले नाही.

गाडी आता आहे त्याच टायरांवर, पण वेग कमी ठेवून, दुकानात आणावी. कॅस्टर आणि टो-इन (पुढची चाके पुढच्या बाजूने किंचित आत वळवलेली असणे) नव्याने लावून देऊ, किंगपिनमधील ढिलाई आपल्यासमोर मोजू, आणि त्याचे पैसे घेणार नाही. सविस्तर बिल आजच आपल्याला पाठवत आहे. आपली जुनी दोन्ही स्पिंडल्स आम्ही जपून ठेवली आहेत. उजव्यावर तड्याच्या जागी पांढऱ्या रंगाची खूण केली आहे, ती दिव्याखाली आपण स्वतः पाहावी.

आपला,
दुकानाचा मालक