दु:ख सांगायचं कसब

दलित आत्मकथनं म्हणजे साहित्य की सामाजिक दस्तऐवज, हा वाद औरंगाबादला कॉलेजात होतो तेव्हापासून ऐकतोय. आता इटलीतल्या तोरिनोत राहतो, तरी मित्रांशी फोनवर तो निघतोच. एकजण म्हणतो, अनुभव एवढा जळजळीत असताना कलेची मोजमापं कशाला? दुसरा म्हणतो, घडलं तसं लिहिलंय, त्यात लेखकाचं कसब कुठलं? मला दोघांचंही पटत नाही. त्याला कारण याच शहरातले रसायनशास्त्रज्ञ प्रीमो लेवी.

आउश्वित्झ या नाझी छळछावणीतून जिवंत सुटलेल्या लेवींचं त्या अनुभवावरचं पहिलं पुस्तक १९४७ साली आलं. एइनाउदी या मोठ्या प्रकाशनसंस्थेनं ते आधी नाकारलं होतं. माझ्या मुलाला ते शाळेत होतं. बाईंनी वर्गाला विचारलं: भूतकाळ सोडून लेखक वर्तमानकाळात कुठे येतो? 'मी'चा 'आम्ही' कुठे होतो? छळाच्या वर्णनाइतकाच वेळ त्यांनी यावर दिला, आणि ते मला फार योग्य वाटलं.

त्यातलं एक प्रकरण मी अनेकदा वाचलंय. सूप आणायला जाताना लेवी जाँ या फ्रेंच सोबत्याला इटालियन महाकवी दान्तेच्या ओळी म्हणून दाखवतात. मधल्या ओळी आठवत नाहीत. विसरलेलं जोडता आलं तर आजचं सूप देऊन टाकीन, असं ते लिहितात. उपाशी माणसाचं सूप! घरी परतल्यावर दान्ते उघडून त्या जागा भरता आल्या असत्या. त्यांनी त्या मोकळ्याच ठेवल्या, आणि छावणीनं माणसाचं काय केलं ते तिथे दिसतं. आवाजही ठरवून संयत ठेवला: साक्षीदाराचा, न्याय वाचकानं करायचा.

दोन्हीकडची दु:खं मी एका तराजूत घालत नाही. पण १९७८ च्या 'बलुतं' या दलित आत्मकथनात दगडू मारुती पवार आपली कहाणी लेखक दया पवारांना सांगतो. एकच माणूस, सांगणारा आणि ऐकणारा असा दुभंगलेला. शिकून शहरात स्थिरावलेल्या माणसाला आपलंच बालपण थेट 'मी' म्हणून का सांगता येत नाही, हे त्या रचनेतच आहे. एवढा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आपण 'प्रांजळ निवेदन' म्हणून उरकतो आणि महारवाड्यातल्या दारिद्र्यावर टिपा लिहायला लावतो. पुस्तक शिकवायला घेताना पहिल्याच तासाला विचारावं: इथे बोलतोय कोण, आणि कोणाशी?