तेल स्वच्छ ठेवण्याचे तोटे

सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत पॉवरपॅकच्या, म्हणजे तेलाच्या दाबावर प्रेस चालवणाऱ्या हायड्रॉलिक पंपाच्या, टाकीत डोकं घालून माझी 22 वर्षं गेली. एवढ्या काळात एकच गोष्ट पक्की कळली. ज्या फिटरचं मशीन कधी बंद पडत नाही, त्याला कंपनीत कुत्रंही ओळखत नाही. आमच्याकडे असा एक होता. तेल गाळूनच भरायचा, होज सोडला की दोन्ही तोंडांना टोप्या लावायचा. त्याच्या लाइनचा व्हॉल्व्ह, म्हणजे तेल इकडं-तिकडं वळवणारी झडप, वर्षभर अडकला नाही, तेव्हा साहेबांनी त्याला विचारलं, "तू नेमकं करतोस काय रे दिवसभर?" उलट रात्री दोनला गाडीला किक मारून येणारा, हाताला कोपरापर्यंत तेल माखलेला आणि पहाटे प्रेस चालू करून देणारा, त्याचं नाव थेट मालकाच्या तोंडी. तेव्हा मंडळी, तुम्हालाही नाव कमवायचं असेल तर आधी व्हॉल्व्ह अडकला पाहिजे. तो आपोआप अडकत नाही, मेहनत घ्यावी लागते.

सुरुवात बॅरलपासून करा. 68 नंबरचं (हा तेलाच्या जाडीचा नंबर) नवं हायड्रॉलिक तेल आलं की बॅरल शेडच्या बाहेर उभंच ठेवा. पावसाचं पाणी वरच्या झाकणावर साचेल. दिवसा बॅरल तापतं, रात्री गार पडतं आणि बुचाच्या कडेनं ते पाणी आत ओढतं, बूच कितीही आवळलेलं असो. आडवं ठेवलं तर हा चमत्कार होत नाही, म्हणून आडवं ठेवू नका. कोणी म्हणालंच, "तेल गाळून घेऊ," तर त्याला सीलकडे बोट दाखवा. सील म्हणजे तेल चोरीला गेलं नाही एवढंच. ते प्रपोर्शनल व्हॉल्व्हसारख्या नाजूक झडपेला चालेल इतकं स्वच्छ आहे, असं सील कुठं म्हणतंय? पण हे बोलायचं नाही. मग दिवाळीत चुना कालवलेली बादली घ्या, पाण्याच्या बाटलीचं बूड कापून नरसाळं करा. फारच सोवळं पाळायचं असेल तर कॅन्टीनमधली चहाची गाळणी आणा. तिचं भोक साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे 500 मायक्रॉन. व्हॉल्व्हच्या आत सरकणारा दांडा म्हणजे स्पूल. तो आणि बॉडी यांच्यातली फट चार-पाच मायक्रॉन. त्या गाळणीतून गणपतीची मिरवणूक ढोलताशांसकट पार होईल.

"तेल तर चकचकीत दिसतंय की!" हे वाक्य पाठ करून ठेवा. डोळ्याला 40 मायक्रॉनच्या खालचं दिसत नाही आणि व्हॉल्व्हला त्याच्या खालचंच बाधतं. म्हणून डोळ्यावर विश्वास ठेवणं आपल्या फायद्याचं.

आता खंडेनवमी. हा आपला मुख्य सण. टाकी पुसायला बनियनचं वेस्ट घ्या, त्याची लव छान सुटते. फिलर कॅप उघडून बाजूला ठेवा, देवालाही आतलं दिसलं पाहिजे. मग हळद-कुंकू. हळद आपल्या सांगलीची, 2018 साली जीआय मानांकन मिळालेली, तेव्हा हात आखडता घेऊ नका. व्हॉल्व्हच्या ब्लॉकवर बोटं उमटवा, उरलेली चिमूट टाकीवर उधळा. नारळ टाकीच्याच कडेवर फोडा. झेंडूचा हार मात्र ब्रीदरलाच अडकवा, कारण टाकी श्वास घेते ती तिथूनच. सिलिंडर बाहेर गेला की तेलाची पातळी उतरते आणि तेवढी हवा आत येते. त्या हवेबरोबर शेजारच्या ग्राइंडरची धूळ येते, पलीकडच्या फाउंड्रीची वाळू येते. ब्रीदरची जाळी फाटली असेल तर अगदी पाहुणचारासारखी येते. मागे एका नव्या इंजिनिअरनं सिलिका जेलचा ब्रीदर बसवला होता. ओल शोषून जेलचा रंग बदलला, तेव्हा आम्ही म्हणालो, "साहेब, खराब झाला बघा," आणि काढून टाकला.

फिल्टरचं काम सोपं. टाकीत परतणारं तेल गाळणाऱ्या रिटर्न फिल्टरच्या इंडिकेटरचा काटा लाल पट्ट्यात गेला की त्याच्यावरून रंगाचा ब्रश फिरवा. एलिमेंट (आतली गाळणी) तुंबलं तरी मशीन थांबत नाही. बायपासची आडवाट उघडते आणि सगळं तेल न गाळता टाकीत परत जातं. काहीच बिघडत नाही, हेच तर सौंदर्य आहे. तरी कुरकुर वाटली तर एलिमेंटच काढून ठेवा. रिकाम्या भांड्याला कधीच प्रेशर येत नाही.

एवढी सेवा झाली की फळ मिळायला लागतं. जेवणाच्या सुट्टीत प्रेशर चालू ठेवून क्लॅम्प तसाच धरून ठेवा. अर्ध्या तासात बारीक गाळ स्पूलच्या फटीत जाऊन बसतो. सुट्टी संपल्यावर ऑपरेटर बटण दाबतो, सोलेनॉइड (स्पूल हलवणारं विजेचं चुंबक) ओढतो, स्पूल हलत नाही. एसी कॉइल असेल तर मजा आणखी. प्लंजर (चुंबकाचा आतला दांडा) पूर्ण आत गेला नाही की सुरुवातीचा जादा करंट उतरतच नाही, आणि कॉइल धूर सोडते. तुम्ही गंभीर चेहऱ्यानं म्हणा, "कॉइल लोकल निघाली ओ." नवी बसवा. आठवड्यानं परत म्हणा. तिसऱ्या कॉइलला स्टोअरवाला विचारेल, "व्हॉल्व्ह उघडून बघितला का?" अशा माणसाशी जास्त बोलू नये.

उघडायची वेळ आलीच, तर आधी खिशातला टेस्टर काढून सोलेनॉइडच्या टोकाची पिन दाबा. नाही हलला तर बॉडीवर पान्यानं टकटक करा. तरीही नाही, तर स्पूल बाहेर काढून झिरो पेपरनं (बारीक पॉलिश पेपरनं) घासा. हा माझा आवडता भाग. दहा मिनिटांत स्पूल असा गुळगुळीत सरकतो की सुपरवायझर पाठ थोपटतो. धारदार कडा गोल झाल्या, फट वाढली, पेपरचा दाणा आत राहिला, हे त्याला दिसत नाही. महिन्याभरात सिलिंडर आपोआप खाली सरकायला लागतो, तेव्हा दोष सिलिंडरच्या सीलचा. सील किट मागवा.

कोणी तेलाचा नमुना तपासायला पाठवला तर घाबरू नका. रिपोर्टमध्ये 21/19/16 असे तीन आकडे येतात: 4, 6 आणि 14 मायक्रॉनच्या वरच्या कणांच्या संख्येचे कोड. आकडा एकानं वाढला की कण दुप्पट. पण मीटिंगमध्ये सांगायचं, "गेल्या वेळी 18 होता, आता 21. तीनचाच तर फरक." दुप्पट, मग चौपट, मग आठपट, हा हिशेब मीटिंगमध्ये कोणी करत नाही, समोसे आलेले असतात.

शेवटी नवा व्हॉल्व्ह येतो. त्याच्या पोर्टच्या प्लास्टिकच्या टोप्या आदल्या संध्याकाळीच काढून तो ग्राइंडरच्या बाकड्यावर ठेवा, सकाळी तेवढाच वेळ वाचेल. फिटिंगला टेफ्लॉन टेप पहिल्या आट्यापासून गुंडाळा, म्हणजे तुकडा तुटून बरोबर आत जाईल. टाकीतलं जुनं तेल काढायचं नाही, महाग आहे. व्हॉल्व्हपेक्षा नाही, पण ते बिल दुसऱ्या खात्यात पडतं.

मग घरी जा, जेवा, झोपा. दोनच्या सुमाराला फोन येईल. पहिल्या रिंगला उचलू नका, तिसऱ्यांदा वाजू द्या. आणि निघताना टेस्टर विसरू नका.