मासे खाणाऱ्याने निसर्गावर बोलू नये म्हणे!

श्रावण तोंडावर आला की एक मजकूर व्हॉट्सॲपवर हमखास फिरतो. यंदाही तो आमच्या गावकऱ्यांच्या ग्रुपवर येऊन पडला. सार असं: माणसाचं शरीर मुळात शाकाहारी, शाकाहारी ताटापायी कुणाचा जीव जात नाही, मासे खाणं पाप, म्हणून तर पूर्वजांनी श्रावण लावून दिला, आणि कोकणचा समुद्र मासेखाऊंनीच रिकामा केला, तेव्हा त्यांनी कासवं वाचवायच्या गप्पा मारू नयेत.

मासे सोडलेल्यांशी माझं भांडण नाही. आमच्याकडे मच्छीमारांच्या घरातही माळकरी असतात. त्यांची भांडी वेगळी ठेवतात आणि कुणी कुणाला शहाणपण शिकवत नाही.

शरीराचं लगेच उरकतं. माणूस मिश्राहारी प्राणी आहे. बी-१२ जीवनसत्त्व झाडपाल्यातून मिळत नाही. दूधही न घेणाऱ्याला त्याची गोळी घ्यावी लागते. गोळी घेऊन माणूस ठणठणीत राहतो, हेही खरंच. पण मग ती त्याची आवड झाली, आतड्यांचा हुकूम कसला?

आता शाकाहारी ताट. ओल्या काजूची उसळ घ्या, सोवळ्यात चालणारी. बागेत रानडुक्कर शिरू नये म्हणून कुंपणाला तारेची फासकी लावतात आणि तिच्यात बिबट्या कमरेत आवळला जातो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशा बातम्या नव्या नाहीत. काजू खाऊ नका असं मी म्हणत नाही. पण माशाचं रक्त ताटात दिसतं आणि बिबट्याचं दिसत नाही, एवढ्यावर पाप-पुण्य ठरवू नका.

श्रावणाच्या मुद्द्यावर तर हसूच आलं. नारळी पौर्णिमा श्रावणातच येते ना? दर्याला नारळ देऊन कोळी त्याच सुमारास होड्या पाण्यात लोटतात. त्याआधी पावसाळाभर होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात आणि घरात सुकट, सोडे, सुके बोंबील चालतात. खवळलेला समुद्र आणि अनेक माशांचा विणीचा काळ, दोन्ही त्यातच येतं. सरकारची मासेमारीबंदीही १ जून ते ३१ जुलैच. उपास ज्याने त्याने श्रद्धेने करावा, त्यात पापाची शिक्षा शोधू नये.

उरला समुद्र रिकामा होण्याचा आरोप. मासळी कमी झाली, हे खरं. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, ओढणाऱ्या कुणालाही विचारा. पण ती गळाने गरवून किंवा रापणीने संपली नाही. रात्री एलईडीचा झगझगीत उजेड पाण्यावर सोडायचा, त्यावर झेपावलेला थवाच्या थवा पर्ससीन या मोठ्या जाळ्याने वेढून उचलायचा, हा प्रकार मालवणपासून रत्नागिरीपर्यंत पारंपरिक मच्छीमारांच्या मुळावर आला. राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ मध्ये एलईडीवर बंदी आणली. तरी रात्री क्षितिजावर दिवे दिसतातच. शिवाय ढिगाने पकडलेली तारलीसारखी छोटी मासळी सगळी माणसाच्या पोटात जात नाही. बरीचशी फिशमीलच्या, म्हणजे माशांच्या भुकटीच्या, कारखान्यात दळली जाते आणि कोंबड्यांच्या, कोळंबीच्या खाद्यात उतरते.

यात आम्ही खाणारे निर्दोष आहोत असंही नाही. लिलावात तळहातात मावेल एवढं पापलेट पाटीत पडलेलं असतं, एकदाही न व्यालेलं, आणि स्वस्त म्हणून आम्हीच ते उचलतो. ५४ जातींच्या माशांचं किमान आकारमान राज्याने २०२३ मध्ये ठरवून दिलंय. त्याखालचा मासा गिऱ्हाइकाने नाकारला तर विकणार कोण? मजकूर लिहिणाऱ्याने इथे बोट ठेवलं असतं, तर मीच तो पुढे पाठवला असता.

आणि कासवं. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला एकेकाळी घरट्यातली अंडी चोरीला जायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेबरोबर गावकऱ्यांनीच ती राखली. आज तिथे कासव महोत्सव भरतो. तो बघायला आलेल्या पाहुण्यांना हेच गाव जेवू घालतं. जाळ्यात अडकलेलं कासव जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला २०१८ पासून पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळते, तीही जाळ्याची. वाया गेलेली फेरी आणि जळलेलं डिझेल त्या मासेखाऊच्याच खिशातून जातं.