सोन्याच्या मुलाम्याने चित्र सुधारत नाही
सोन्याचा मुलामा असलेली महागडी एचडीएमआय केबल (प्लेअर टीव्हीला जोडणारी) लावली की चित्र जास्त स्पष्ट दिसतं, असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. मुलामा फक्त गंज रोखतो. सिग्नल डिजिटल असल्याने केबल कमी पडली तर चित्र फिकट होत नाही. पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, नाहीतर चित्र मध्येच गायब होतं. केबल घेताना बघायचा तो डेटाचा वेग: फोर-के चित्र 60 हर्ट्झला (सेकंदाला 60 वेळा बदलणारं) असेल तर सेकंदाला 18 गिगाबिटची केबल, 120 हर्ट्झला 48 गिगाबिटची ‘अल्ट्रा हाय स्पीड’. लांबी मात्र खरंच नडते. प्रोजेक्टर दहा मीटरवर असेल तर ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशातून सिग्नल नेणारी एचडीएमआय केबल घ्या. तिला दिशा असते: ‘सोर्स’ टोक प्लेअरला, ‘डिस्प्ले’ टोक प्रोजेक्टरला. उलटं जोडलं तर काहीच दिसत नाही, म्हणून भिंतीत घालण्याआधी जोडून बघाच.