चारी कोपरे फाटलेले पोस्टकार्ड

टपाल खात्याकडे पन्नास पैशांना मिळणारे पोस्टकार्ड घरी बनवायचे असेल, तर केळीची बाग राखणारा एक मित्र, रणरणते ऊन आणि स्वयंपाकघरातील मिक्सरविषयी फारशी आस्था नसलेली पत्नी एवढे भांडवल लागते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींची खानदेशात वानवा नाही. तिसरीच्या बाबतीत माझे नशीब इतर नवऱ्यांपेक्षा वेगळे नाही.

अनोळखी माणसांनी जगभर एकमेकांना पोस्टकार्डे पाठवण्याचा पोस्टक्रॉसिंग नावाचा उद्योग 2005 साली पोर्तुगालमध्ये सुरू झाला, आणि माझ्या पुतण्याला त्याचा नाद लागल्यामुळे कुठल्या कुठल्या देशांतली हाताने बनवलेली कार्डे आमच्या घरी येऊ लागली. ती पाहून मला वाटले की, अनोळखी लोकांसाठी परके लोक एवढे कष्ट घेतात, तर आपण निदान आपल्या नातेवाइकांसाठी ते घ्यावेत. नातेवाईक अनोळखी माणसांपेक्षा अधिक बारकाईने वाचतात, हे मात्र मी लक्षात घेतले नव्हते.

कागद केळीचा करायचा, हे ठरवायला वेळ लागला नाही. केळीचे खोड आयुष्यात एकदाच घड देते आणि घड उतरला की तोडले जाते. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण तिच्या खोडाचा मान अजूनही बांधावर कुजत पडण्यापुरताच आहे. मित्राने मोठ्या मनाने हवी तेवढी खोडे न्यायला सांगितले. त्यांची सोपटे सोलून, बोटाच्या पेराएवढे तुकडे करून आणि धुण्याच्या सोड्यात दोन-तीन तास उकळून घ्यायची, मग वाहत्या पाण्यात स्वच्छ धुऊन त्यांचा लगदा करायचा, अशी ही कृती आहे. ऐकायला ती सोपी वाटते. उकळत्या सोपटांचा वास माजघर ओलांडून शेजारच्या ओट्यावर गेला, तेव्हा “अहो, गुरांसाठी आंबोण शिजवायला घेतलंत का?” एवढाच प्रश्न पत्नीने विचारला. आमच्याकडे गुरे नाहीत. मिक्सरच्या पात्याला केळीचे धागे गुंडाळले जाऊन तो घुमायचा थांबला, तेव्हा तिने प्रश्नही विचारला नाही, आणि ही शांतता मला वासापेक्षा अधिक झोंबली.

पाण्यात ढवळलेला लगदा डासांच्या जाळीच्या चौकटीवर अलगद उचलायचा, घोंगडीच्या तुकड्यावर पालथा घालायचा आणि वर पाट्याचे वजन ठेवून त्यातले पाणी काढायचे. मग वाळवण. मे महिन्यात आमच्या भागात पारा पंचेचाळीसच्या आसपास रेंगाळत असल्यामुळे या कामी कसलेही यंत्र लागत नाही. अडचण एवढीच की, त्याच उन्हाचा भरवसा धरून साऱ्या गल्लीने गच्च्यांवर पापडासारख्या बिबड्या घातलेल्या असतात. ज्वारीची बिबडी आणि केळीचा ओला कागद यांच्या रंगात आणि जाडीत फरक आहे हे मी शपथेवर सांगेन, परंतु शेजारच्या काकूंना तो दिसला नाही. उन्ह तापल्यावर त्यांनी आपल्या बिबड्यांबरोबर माझी कार्डेही मोठ्या मायेने उलटवली आणि संध्याकाळी “यंदा तुमच्याकडच्या जरा चिवट झाल्यात” असा अभिप्राय दिला. तो त्यांनी नुसते पाहून दिला की चाखून, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

असा कागद नुसता वाळवून भागत नाही. त्यावर शाईचा थेंब टेकवला की तो कोळ्यासारखा चहूबाजूंनी पाय पसरतो, म्हणून तांदळाची पातळ कांजी दोन्ही अंगांना फासून तो पुन्हा वाळवावा लागतो. नंतर सरकारी कार्डाच्या मापाने, म्हणजे चौदा सेंटीमीटर लांब आणि नऊ सेंटीमीटर रुंद, तुकडे करायचे. ते मी कात्रीने कापले नाहीत. ओल्या ब्रशाने रेघ ओढून हलकेच फाडले की कडा दातेरी आणि तंतुमय राहतात आणि वस्तू हातची असल्याची खूण पटते, असे मी वाचले होते. या कडांनी पुढे जे घडवले, त्याचा विचार त्या पुस्तकाच्या लेखकाने केलेला नसावा, कारण तो खानदेशातला नव्हता.

लिनोलियमच्या तुकड्यावर केळीचा घड कोरून मी तो कार्डाच्या एका बाजूला छापला आणि दुसऱ्या बाजूला डावीकडे मजकूर व उजवीकडे नंदुरबारच्या फुईचा, म्हणजे आत्याचा, पत्ता लिहिला. आजोबांच्या वहीत तिच्या सासरच्या पत्त्यापुढे ‘जिल्हा पश्चिम खानदेश’ असे लिहिलेले आहे, फुई स्वतः अजून ‘जिल्हा धुळे’ सांगते आणि नंदुरबार तर 1 जुलै 1998 पासून स्वतंत्र जिल्हा आहे. (भारतातले पहिले पोस्टकार्डही 1 जुलैलाच, 1879 साली, पाव आण्याला विक्रीस आले होते. या योगायोगाचा मला उगाचच आनंद झाला.) श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली आणि 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झालेली पिनकोडची पद्धत अशा वेळी देवासारखी धावून येते. 425412 लिहिले की जिल्ह्याचा वाद आपोआप मिटतो.

टपाल कार्यालयात मात्र नवा वाद उभा राहिला. काउंटरवरच्या मॅडमनी कार्ड उलटसुलट करून पाहिले, दातेरी कडेवरून बोट फिरवले आणि “हे छापील आहे का?” असे विचारले. मी अभिमानाने हो म्हणालो. तेव्हा त्यांनी समजावून सांगितले की, हाताने लिहिलेल्या कार्डाला पन्नास पैसे पुरतात, परंतु छापील कार्डाला सहा रुपये पडतात. बंद पाकिटाला पाच रुपये लागत असताना सर्वांना वाचता येणाऱ्या उघड्या कार्डाला सहा का, हा प्रश्न माझ्या मनात आला, पण मागे आधारकार्डाच्या कामासाठी रांग उभी असल्यामुळे तो तिथेच राहिला. छाप यंत्राचा नसून स्वयंपाकघरातल्या लाटण्याने घासून काढलेला आहे, असे मी सांगून पाहिले. मॅडमनी शेजारच्या सहकाऱ्याकडे पाहिले, सहकाऱ्याने छताकडे पाहिले, आणि अखेर “असं करा, पाच रुपयांचं तिकीट लावा, म्हणजे ते कार्ड राहणारच नाही, पत्र होईल,” असा तोडगा निघाला. लगेच शिक्का उचलला गेला आणि दणकन घडाच्या मधोमध बसला.

उघड्या पत्राचे दुःख जुने आहे. 1869 साली ऑस्ट्रिया-हंगेरीत पहिले पोस्टकार्ड निघाले आणि ते युरोपभर पसरले, तेव्हा तिथल्या प्रतिष्ठित लोकांना आपला मजकूर नोकरचाकर वाचतील याची धास्ती वाटली होती. आमच्याकडे नोकरचाकर नसल्यामुळे ते काम सगळे गाव वाटून घेते. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत येणारे पोस्टमनदादा थांबून म्हणाले, “भाऊ, केळीनं चित्र बेस काढेल शे, पन गुडघादुखीवर फुईले तुम्ही जे औसद सांगं ना, ते मन्ही मायले लागू पडनं नही.” पत्र अजून तालुक्याबाहेर पडायचे होते.

ते पडले आणि नंदुरबारला पोचलेही. त्या दुपारी फोन वाजला आणि पलीकडून फुईचा हंबरडा ऐकू आला. “कोन गया रे भाऊ?”

निधनाची वार्ता कळवणाऱ्या पत्राचा कोपरा फाडायची आपल्याकडे रीत होती. अशा पत्रावर ‘श्री’ लिहीत नसत आणि वाचून झाल्यावर ते घरात ठेवत नसत. माझ्या कार्डाचे चारी कोपरे फाटलेले होते आणि ‘श्री’ची जागा केळीच्या पानाने अडवली होती. एक कोपरा फाटला तर एक माणूस, या हिशेबाने फुईने आमच्या घरातली चार माणसे मनातल्या मनात पोचवली होती, आणि फोन उचलणारा मी स्वतः त्यांपैकी एक असल्यामुळे पहिली काही मिनिटे तिचा माझ्या आवाजावर विश्वासच बसेना. तोवर कार्ड मात्र रीतीप्रमाणे फाडून झाले होते. सोपटे, सोडा, पाटा, कांजी आणि नादुरुस्त मिक्सर यांतून तयार झालेली ती वस्तू दुसऱ्या ओळीपर्यंतदेखील कोणी वाचली नव्हती.

दुसऱ्या कार्डाच्या वेळी मी पुरती काळजी घेतली. कडा तशाच ठेवल्या, कारण त्यांचा मला अभिमान होता, पण वर ठळक ‘श्री’ काढला आणि अशुभाची शंकाही येऊ नये म्हणून चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावले. मजकुरात शेवटी ‘उन्हाळ्यात सर्वांनी जरूर यावे’ असेही लिहिले. या वेळी फोनवर रडणे नव्हते, नुसता घुस्सा होता. “कोनं लगीन शे?” असे विचारून, उत्तराची वाट न पाहता, साखरपुड्याला आम्हाला बोलावले नाही ते नाहीच, तारीखही टाकली नाही, इथपर्यंत फुई येऊन ठेपली. माझी मुलगी बारावीत आहे, हे पटवून देण्यात माझी संध्याकाळ गेली. हे कार्ड मात्र फाडले गेले नाही. ते कुलदेवतेपुढे ठेवले असल्याचे आतेभावाने सांगितले, आणि लग्न ठरलेच नसेल तर ते आता उचलायचे कसे, असा त्याच्या आईचा प्रश्नही मला कळवला.

पुढे फुईचे उत्तर आले, तेही पन्नास पैशांच्या सरकारी कार्डावर. त्यात एकही कोरी जागा नव्हती, समास संपल्यावर तिने कार्ड फिरवून कडेनेही लिहिले होते. पावसाची चौकशी, मुलीच्या अभ्यासाची चौकशी आणि मिक्सर दुरुस्त झाला का, अशी विचारणा करून झाल्यावर शेवटी तिने मला बजावले होते की, चित्र छान असते, तेव्हा कार्ड पाठवणे बंद करू नकोस, फक्त यापुढे ते पाकिटात घालून पाठव. तिकीट पहिल्यापासून पाकिटाचेच लागत असल्यामुळे, मला काही आडकाठी नव्हती.