हप्ता नसलेले कर्ज

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या आमच्या सात माणसांच्या कंपनीला बँकेने खेळत्या भांडवलासाठी, म्हणजे धंद्याच्या रोजच्या खर्चासाठी, कर्जमर्यादा मंजूर केली, तेव्हा मी भाबडेपणाने विचारले, "हप्ता किती बसेल?" याला हप्ता नसतो, लागतील तेव्हा पैसे उचलायचे, येतील तेव्हा भरायचे आणि जेवढे जितके दिवस वापराल तेवढ्याचेच व्याज द्यायचे, असे अधिकाऱ्यांनी समजावले. फेडीचा वार ठरलेला नाही म्हणजे सातही वार फेडीचेच, हे मात्र माझे मलाच समजून घ्यावे लागले.

दहा लाखांची उचल आणि वर्षाला 12 टक्के दर असेल, तर रोजचे व्याज सुमारे 329 रुपये होते. हे गणित उमगल्यापासून माझे शनिवार-रविवार नासले आहेत, कारण गिऱ्हाईकांकडचे सही करणारे साहेब नेमके शुक्रवारी दुपारीच बाहेरगावी जातात.

खरी परीक्षा महिनाअखेरीस असते. मंजूर मर्यादा ही लग्नपत्रिकेवरच्या पदव्यांसारखी असून, प्रत्यक्षात किती उचलता येईल हे 'ड्रॉइंग पॉवर' ठरवते. त्यासाठी गोदामातला माल मोजायचा, त्यातून पुरवठादारांचे देणे वजा करायचे (ज्याचे पैसे दिले नाहीत तो माल बँक आमचा मानत नाही, आणि हे मला मनातून पटते), गिऱ्हाईकांकडची येणी त्यात मिळवायची आणि मग मार्जिन, म्हणजे आमचा स्वतःचा वाटा, म्हणून आमच्या बँकेच्या अटीप्रमाणे शंभरातले 25 सोडून द्यायचे. त्यातही 90 दिवसांहून जुनी येणी धरत नाहीत. आमचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक 95 व्या दिवशी पैसे देते. त्यामुळे त्याचे बिल 91 व्या दिवशी बँकेच्या लेखी स्वर्गवासी होते, 95 व्या दिवशी सदेह खात्यात अवतरते आणि मधले दिवस आम्ही सुतकात काढतो. एकदा तपासणीला आलेले अधिकारी घडी घातलेली खोकी मोजताना तीनदा चुकले आणि अखेर त्यांनी आमचाच आकडा उतरवून घेतला. त्यानंतर त्या आकड्यावरचा माझाच विश्वास उडाला.

मध्यंतरी याच मर्यादेतून एक यंत्र घेण्याचा पराक्रमही मी केला. यंत्र आपली किंमत पाच वर्षांत सावकाश वसूल करून देणार होते, कागदाच्या पुरवठादाराला मात्र तीस दिवसांत पैसे हवे होते, आणि यंत्र गोदामात कितीही रुबाबात उभे असले तरी ते माल म्हणून मोजत नाहीत. पुढचे काही महिने आमचे खाते मर्यादेच्या काठाला नाक टेकवून होते. शेवटी यंत्रासाठी वेगळे, हप्त्यांनी फेडायचे मुदतकर्ज काढले. ते आधीच काढायला हवे होते, असे आमच्या लेखापालबाई अजून अधूनमधून कोणालाही उद्देशून नसल्यासारखे बोलतात.

गेल्या महिन्यात मात्र एकाच आठवड्यात तीन मोठी बिले वसूल झाली आणि कर्जखात्याची उचल चक्क शून्यावर आली. ते शून्य मी लेखापालबाईंना बोलावून दाखवले. दुसऱ्या दिवशी सकाळीच बँकेतून फोन आला. अभिनंदनासाठी असेल असे समजून मी खुर्चीत जरा सरसावून बसलो, तर पलीकडून काळजीच्या सुरात विचारणा झाली, "तुम्ही मर्यादा वापरत नाही आहात, तेव्हा नूतनीकरणाच्या वेळी ती कमी करायची का?"

मी नको म्हणेपर्यंत पुरवठादाराचा चेक वटला होता.